सातबाऱ्यावरचे नाव

वाचकहो, विहीर आटली की तुमच्याही मनात येत असेल, सगळे विकावे आणि पाण्याच्या मुलखात जावे. 2018 च्या दुष्काळात आमच्या माणदेशात मलाही असेच वाटले. मनात हिमाचल प्रदेश भरला. तिथली शंभरातली नव्वद माणसे खेड्यात राहणारी, असे 2011 ची जनगणना सांगते. गार हवा, सफरचंदाच्या बागा!

सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आधी कागदावर मांडा तरी!"

मांडले. तोट्याच्या बाजूला बर्फ, उताराची शेती, फळ धरेपर्यंतची वर्षे. तिने भर घातली, "अडीनडीला धावणारी भावकी." तेही सोसले असते. पण तिथल्या 1972 च्या कूळकायद्याचे 118 वे कलम कळले. बाहेरच्या शेतकऱ्यालाही सरकारी परवानगीवाचून तिथे शेतजमीन घेता येत नाही. आपला सातबारा तिथे चालत नाही. आणि इथली सगळी विकली, तर इथेही शेतकरी म्हणून पुन्हा जमीन घेणे अवघड!

त्या उन्हाळ्यात आम्ही विहिरीतला गाळ काढला.

तुम्हाला जायचे तर जरूर जा. आधी तिथला एक हिवाळा काढून बघा. मात्र सातबाऱ्यावरचे नाव पुसून जाऊ नका.