सोंग आणि 'मी' : पेण-रोह्याच्या उन्हाळ्यातील काही हास्यप्रयोग

एकट्या माणसाने उभे राहून समुदायाला हसवण्याची परंपरा मराठीत जुनी आहे, हे विधान 'स्टँड-अप'विषयीच्या बहुतेक लेखांत सापडते. ते खरेही आहे. कीर्तनकार, बहुरूपी, तमाशातला सोंगाड्या, मग पु. ल. देशपांडे अशी वंशावळ मांडली की नव्या प्रकाराला कुळ मिळते आणि लेखकाचे काम संपते. आम्हाला मात्र ही सोयरीक जरा घाईने जुळवलेली वाटते. वैशाखात पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या गावी आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत जे काही पाहावयास मिळते, त्यावरून आमचे हे मत झाले आहे.

उन्हाळ्यातला कलामहोत्सव म्हटले की इंग्रजीच्या प्राध्यापकांना एडिंबरा आठवते. १९४७ साली तिथल्या महोत्सवाचे निमंत्रण नसताना आठ नाटकमंडळ्या जाऊन थडकल्या आणि त्यातून 'फ्रिंज' जन्मास आला. आज जगभरच्या विनोदवीरांची ती पंढरी आहे. आमच्याकडे आगंतुकाला रंगमंच मिळतो तो सत्यनारायणाच्या पूजेच्या मांडवात. मे महिन्यात शाळा बंद असतात, मुंबईहून माणसे परतलेली असतात, गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची घाई उडालेली असते आणि रात्री कुठे हळद, कुठे जत्रा, कुठे वाचनालयाची व्याख्यानमाला असते. यांपैकी कुठेही अर्धा तास रिकामा सापडला तर तो भरून काढायला कोणीतरी उभा राहतो. पूर्वी तो नकलाकार असे. आता त्याच्या हातात माईक असतो आणि तो स्वतःला 'कॉमेडियन' म्हणवतो. हा बदल नुसता नावाचा आहे काय, एवढाच आमचा प्रश्न.

पु. लं.नी 'बटाट्याची चाळ' १९६१ साली रंगमंचावर आणली तेव्हा एका देहातून अख्खी चाळ बोलली. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. या दोन्ही प्रयोगांचा प्राण सोंगात आहे. नट स्वतः पारदर्शक होतो आणि आपण त्याच्यातून पलीकडची माणसे पाहतो. 'असा मी असामी'मध्ये तर शीर्षकातच 'मी' आहे, परंतु तो 'मी' धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी यांचा, पु. लं.चा नव्हे. स्टँड-अप करणारा याच्या नेमके उलट करतो. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बापाविषयी, स्वतःच्या आडनावाविषयी बोलतो. ते सारे शब्दशः खरे असते असे नाही. पण ते खरे आहे असे आपण मानावे, हा त्या प्रकारातला करार आहे.

आता यात बोलीचा प्रश्न येतो, आणि साहित्याच्या अध्यापकांनी जरा थांबावे ते इथेच. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने कथाकथनातून ग्रामीण बोली गावोगावच्या सभागृहांत नेली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या कथनाची घडी पुष्कळदा अशी असे की निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे आणि पात्रांचे संवाद बोलीतले. म्हणजे बोलीकडे पाहणारा डोळा बोलीच्या बाहेर उभा. 'वऱ्हाड'मध्ये ही घडी पुष्कळ सैल झाली. १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने ती मालवणीपुरती उलटवलीच. तिथे महाभारतालाच मालवणी बोलावे लागले. पेणच्या खारेपाटातल्या आगरी बोलीच्या वाट्याला मात्र व्यावसायिक रंगभूमीवर असे नाटक आले नाही. मराठी विनोदातला 'कोकणी माणूस' एकतर अंतू बर्वा असतो, नाहीतर मालवणी. वडखळ नाक्यावरचा माणूस त्यात कुठेच नाही. तो पुढे दिसला तो मोबाइलच्या पडद्यावर, विनायक माळी यांच्यासारख्यांच्या चित्रफितींत, आणि तेथून मांडवात आला.

असा एक तरुण आम्ही एकाच उन्हाळ्यात दोनदा पाहिला. गाव त्याचे खारेपाटातले, नोकरी रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत. वीस मिनिटांचा कार्यक्रम. त्यातला एक प्रसंग शाळेतला. आगरीत 'ण'चा 'न' होतो, हे वाचकांस ठाऊक असेलच. गुरुजी खिशातले पेन काढून विचारतात, हे काय? पोरगा सांगतो, पेन. आणि तू राहतोस त्या तालुक्याचे नाव काय? पोरगा सांगतो, पेन. वर्ग हसतो. पुढे वर्षांनी तेच गुरुजी एसटीत बसतात आणि 'ण'वर पुरेसा भार देऊन कंडक्टरकडे एक पेण मागतात. कंडक्टर शांतपणे कानावरचे बॉलपेन काढून त्यांच्या हातात ठेवतो.

खारेपाटातल्या मांडवात हा प्रसंग त्याने संपूर्ण आगरीत सांगितला. निवेदन आगरी, विचार आगरी; सोंग फक्त गुरुजींचे. त्यांचा 'ण' त्याने असा काही नाकातून आणि टाळूतून काढला की प्रमाण उच्चार हाच एक शारीरिक व्यंग वाटू लागावा. वर्गातल्या हशापाशी मांडव जवळजवळ गप्प होता. एक-दोन बायका चुकचुकल्या. हशा फुटला तो कंडक्टरच्या बॉलपेनपाशी, आणि तो बराच वेळ टिकला. मराठी विनोदात आम्ही आजवर पाहिलेली घडी इथे पूर्ण उलटली होती: बोली पाहत होती आणि प्रमाणभाषा दिसत होती.

दोन आठवड्यांनी रोह्यात, पंखे असलेल्या एका सभागृहात, त्यानेच तो प्रसंग पुन्हा केला. रोहा हे कानाने तयार असलेले गाव. 'मेघदूत' मराठीत आणणाऱ्या चिंतामणराव देशमुखांचे हे गाव, पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मगाव. इथल्या जुन्या घरांतून स्तोत्रे स्वच्छ ऐकू येतात. प्रेक्षकांत शिक्षक, बँकेतले निवृत्त कर्मचारी, महाविद्यालयातली मुले. त्याने निवेदन प्रमाण मराठीत केले. कोणी सांगितले म्हणून नव्हे. पहिली रांग पाहून आपोआप झाले असावे. पोरगा म्हणाला, 'पेन', आणि सभागृह कोसळले. वर्ग जिथे हसला होता, नेमके तिथेच. कंडक्टरपाशी हशा आला तोवर त्यातली वाफ निघून गेली होती. एकही शब्दार्थ बदलला नव्हता, परंतु विनोदाचे लक्ष्य बदलले होते, आणि ते बदलले होते केवळ निवेदकाच्या 'ण'मुळे. संहिता म्हणजे काय, हे शिकवताना आम्ही आता हे उदाहरण देतो.

स्टँड-अपच्या धोक्याविषयी बोलताना आपण सहसा राजकीय धोक्याविषयी बोलतो. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या प्रयोगावरून मुंबईत खार येथील 'हॅबिटॅट'ची मोडतोड झाली, हे ताजेच आहे, आणि त्याचे गांभीर्य कमी लेखण्याचे कारण नाही. लहान गावात मात्र मोडतोडीची वेळच येत नाही. ज्याच्यावर विनोद करायचा तो, किंवा त्याचा मेहुणा, तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. म्हणून आमच्याकडचे सगळे विनोदवीर मुंबई-गोवा महामार्गावर बोलतात. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, आणि त्याच्या रखडण्याने एका पिढीला पुरेल एवढा मजकूर पुरवला. खड्ड्याला जात नसते आणि त्याचा भाऊ नगरपालिकेत नसतो. हा विनोद वाईट नाही, पण तो ऐकून कोणाचे काही बिघडत नाही. 'पेन'ने बिघडते. तिथे सांगणारा स्वतःच डावावर लागलेला असतो. सोंगाड्याला सोंग उतरवून घरी जाता येते, याला येत नाही.

तेव्हा उन्हाळ्यात या बाजूला येणाऱ्यांनी काय पाहावे, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर थोडे आडमुठे आहे. 'वऱ्हाड' लक्ष्मण देशपांडे यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी जिवंत ठेवले आहे. ते कुठे लागले तर पाहावेच, सोंगाची इयत्ता कळते. 'भाडिपा'ने २०१६ पासून मराठी स्टँड-अपला जो शहरी प्रेक्षक मिळवून दिला, त्यांचे प्रयोगही पाहावेत. पुण्या-मुंबईची मध्यमवर्गीय मराठी तिथे स्वतःकडे पाहून हसायला शिकली आहे. विनोदी कवींची संमेलने मात्र चुकली तरी चालतील, कारण त्यांतल्या बायकोवरच्या कविता तुम्ही आधी ऐकलेल्या असतात. आणि विद्यार्थ्यांनी मांडवात जावे, शक्यतो मागे बसावे, आणि हशा कुठे येतो ते वहीत टिपावे. विनोद टिपू नये, त्याची जागा टिपावी. मग तोच माणूस दुसऱ्या गावी पाहावा. अशा कार्यक्रमांच्या जाहिराती नसतात. पेणला रिक्षाथांब्यावर विचारावे, रोह्याला स्टेशनाबाहेर.

रोह्यातला तो प्रयोग संपल्यावर तरुण आम्हाला बाहेर भेटला. घामाने भिजलेला, खूश. आम्ही मांडवातही होतो हे त्याच्या लक्षात होते. "सर," तो अगदी जपून, प्रत्येक 'ण' सांभाळून म्हणाला, "गावापेक्षा इथे लोक जास्त हसले ना?"

जास्तच हसले होते. आम्ही तसे सांगितले. मग कुठे हसले ते सांगायला लागलो, तोवर दिव्याकडे जाणारी गाडी लागली होती आणि तो पळाला.