चिकाची शिदोरी

गाय व्यायली, की पहिल्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दाट, पिवळसर दुधात वासराच्या रक्षणाची शिदोरी असते, हे खरवस खाताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. मला त्याचा विचार करायला लावला तो आमच्या चाळीच्या जिन्याखाली जन्मलेल्या कुत्रीच्या चार पिल्लांनी.

त्यांतले काळे पिल्लू शेजारच्या भाऊंनी घरी नेले. सातव्या आठवड्यात त्याला लस टोचून आणली आणि ते निर्धास्त झाले. दहाव्या आठवड्यात पिल्लाने अन्न सोडले. उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब. पशुवैद्यांनी तपासून सांगितले, "पार्वो." भाऊ संतापले. "मग ती लस टोचली कशाला?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भाऊ, लस खोटी नव्हती. आईचा चीक अजून पिल्लाच्या अंगात होता."

चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात आणि पहिले काही आठवडे तीच त्याला जपतात. मात्र खरा विषाणू आणि लशीतला दुबळा केलेला विषाणू यांत ती भेद करीत नाहीत. दोघांनाही परतवून लावतात. दिवसागणिक ती विरत जातात. मग असा काळ येतो, की रोग अडवण्यास ती अपुरी पडतात, पण लस निष्फळ करण्याइतकी उरलेली असतात. आईची मायाच जणू वाटेत उभी राहते! हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा असतो. एकाच वेतातल्या भावंडांचाही सारखा नसतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण होण्याआधी नाही. त्यानंतर वर्षाच्या आत पुन्हा एक. पहिल्या सुईचे कौतुक सारे करतात. खरी भिस्त असते ती सोळाव्या आठवड्यानंतरच्या सुईवर.

लॅटिन भाषेत 'पार्वस' म्हणजे लहान. कुत्र्यांमधला हा चिमुकला विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि अवघ्या दोन वर्षांत जगभर पसरला. मांजरांच्या अशाच एका विषाणूशी त्याचे जवळचे नाते आहे. आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा, म्हणजे जेथे पेशी झपाट्याने वाढतात तेथेच तो घाला घालतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. पण आपल्या चपलांच्या तळव्यांना चिकटून तो घरात येतो. मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला ब्लीचिंग पावडरचे पाणीच लागते.

भाऊंचे पिल्लू पाच दिवस सलाईनवर होते. सहाव्या दिवशी त्याने पेजेचे दोन घोट घेतले. जिन्याखालच्या तिघांपैकी दोघांना मात्र कोणी दवाखान्यात नेण्याआधीच मरण आले. त्यांची आई दोन दिवस ती जागा हुंगत राहिली.

उरलेल्या एकासाठी चाळीने वर्गणी काढली. जिना ब्लीचिंगच्या पाण्याने धुतला. भाऊंनी आपल्या दिनदर्शिकेवर त्याच्या लशीच्या तारखा लाल शाईने लिहिल्या. ठरल्या दिवशी ते त्याला पिशवीत घालून नेतात, आणि दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत मांडीवरून खाली उतरू देत नाहीत.