अस्तंभ्याची उंची, पायथ्याची शेतं

तळोद्याच्या बाजारातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा आडवा येतो. ऊस, केळी, पपईची सपाट रानं कोठारपाशी संपतात आणि चांदसैली घाटाची वळणं सुरू होतात. घाटापलीकडे धडगाव, म्हणजे अक्राणी तालुका. याच रांगेत अस्तंभा आहे, उंची 1,325 मीटर.

धनत्रयोदशीच्या सुमारास ही वाट माणसांनी फुलते. खान्देशातले, गुजरातेतले, मध्य प्रदेशातले यात्रेकरू देवनदी, नकट्यादेव, जुना अस्तंभा असे टप्पे घेत रात्रीही चालतात. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा इथे तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला रस्त्याला लावतो, अशी श्रद्धा. शेवटचा चढ चांगलाच खडा आहे. तो पहिल्यांदा कोण चढलं, हे विचारायची इथे कुणाला गरजच वाटली नाही.

पश्चिम कॅनडात मात्र या प्रश्नावरच गिर्यारोहणाचा इतिहास उभा आहे, आणि उत्तरं बहुतेकदा मोजणीदारांच्या वह्यांत सापडतात. 1885 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ रॉकी पर्वतापार जोडले गेले. आजूबाजूचा मुलूख नकाशावर आणायचा होता. सर्वेयर जनरल एदुआर देव्हिल यांनी शिखरांवरून छायाचित्रं घेऊन मोजणी करण्याची रीत रुजवली. कॅमेरा वर न्यायचा तर चढणं आलंच! जेम्स मॅकार्थर 1887 मध्ये 3,199 मीटरच्या माउंट स्टीफनवर पोचले ते या कामापायी. 1906 मध्ये अल्पाइन क्लब ऑफ कॅनडा काढणारे आर्थर व्हीलर हेही मोजणीदारच. स्टोनी नाकोडा लोक त्या दऱ्याखोऱ्यांत कितीतरी आधीपासून वावरत होते. चढाईच्या याद्या मात्र साहेबांपासून सुरू होतात.

आपल्याकडची मोजणी त्याहून जुनी. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासहून सुरुवात केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. त्या त्रिकोणांच्या जाळ्यात पुढे देशभरचे डोंगर बसले.

पायथ्याची शेतं बसायला फार उशीर लागला. अक्राणी-अक्कलकुव्यातली 73 गावं ‘वनगावं’ म्हणून राहिली. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं तिथल्या आदिवासी शेतकऱ्याच्या नावावर सातबारा नव्हता. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यांसाठी जीपीएसने मोजण्या झाल्या. शिखराचा आकडा आधी आणि कसणाऱ्याचा शेवटी, हा क्रम सरकारी सोयीचा होता. अस्तंभ्याला जाणाऱ्याने वाटेतल्या पाड्यावर थांबून एवढं जरूर विचारावं: जमिनीचा कागद हातात आला का?