हाटूच्या वाटेवरची लहान झाडं

मैत्रिणींनो, सिमल्याची सहल म्हटली की माल रोड, शालींची खरेदी आणि कुफ्रीचे घोडे. त्यातून एक दिवस मोकळा काढा आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नारकंड्याला जा. तिथून हाटू शिखराकडे एक अरुंद रस्ता चढतो. शिखर सुमारे ३४०० मीटर उंच. पण माझं ऐकाल तर थोडं अंतर पायी चला, आणि उंच झाडं बघून मान अवघडली की खाली बघा.

रस्त्याच्या कडेला, जिथं ऊन पोचतं तिथं, कैलाची रोपं दिसतील. कैल म्हणजे पाच-पाच सुयांच्या झुबक्यांचा पाइन. याला सावली सोसत नाही. आत गर्द रानात मात्र तग धरतो तो तोष, म्हणजे तिथला फर. चपट्या, काळपट हिरव्या पानांचा. उजेड कमी असला की तो उंच व्हायच्या फंदात पडत नाही. आडव्या फांद्या पसरून छत्रीसारखा बसून राहतो. गुडघ्याएवढं ते रोप वीस-पंचवीस वर्षांचंही असू शकतं! तुमच्या लेकीच्या वयाचं म्हणा ना.

एखादं म्हातारं झाड कोसळलं, वर आभाळ उघडलं, की याचे दिवस फिरतात. अर्थात लगेच नव्हे. सावलीतली पानं उन्हानं आधी करपतातसुद्धा. उन्हाला टिकणारी नवी पानं आली की मग शेंडा भराभर वर जातो.

उघड्यावर रोपं दाटीनं आली तर वेगळीच तऱ्हा. कुंडीत मिरचीचं बी दाट पडलं तर काय होतं, ठाऊक आहेच. उंची वाढते, पण खोड विणायच्या सुईसारखं बारीक राहतं. खालच्या फांद्या वाळतात आणि बर्फाच्या भारानं झाड वाकतं. आपण रोपं उपटून विरळ करतो. रानात हे काम मरणच करतं.

मुलं बरोबर असतील तर कैलाच्या खोडावरची फांद्यांची कडी मोजायला लावा. साधारण वर्षाला एक कडं. दोन कड्यांमधलं अंतर मोठं, तर ते वर्ष सुखाचं.

फोटोसाठी रानात शिरताना मात्र पाय जपून टाका, आणि आठवण म्हणून शेंडा खुडू नका. तो गेला की एखादी बाजूची फांदी वर वळून त्याची जागा घेते खरी, पण त्यात वर्षं जातात.

सकाळी लवकर निघा. स्वेटर मे महिन्यातही लागतोच. हिवाळ्यात हा रस्ता बर्फानं बंद असतो.