बॅच नंबर मोठ्यानं वाच

ऑक्टोबर २०२५चा पहिला आठवडा. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका मेडिकलमध्ये शटर वर गेल्या गेल्या खोकल्याच्या औषधांचा कप्पा रिकामा झाला. मूळची नागपूरची फार्मासिस्ट एकेक बाटली हातात घेऊन नाव आणि बॅच नंबर मोठ्यानं वाचत होती. मदतनीस मुलगा ते स्टॉकिस्टच्या बिलांशी ताडून बघत होता. शोध होता ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपचा, बॅच एसआर-१३. दुकानात ती नव्हती. तरी दोघांनी कप्पा पुन्हा एकदा तपासला.

ते सिरप तयार झालं होतं चेन्नईला लागून असलेल्या कांचीपुरम जिल्ह्यात. ते पिऊन दगावलेली मुलं बहुतेक मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची, आणि त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नेलं होतं नागपूरला. म्हणजे एका टोकाला तिचं दुकान, दुसऱ्या टोकाला तिचं माहेर. वीसहून अधिक लेकरं गेली. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं ४८.६ टक्के, मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे रसायन रंगहीन, चवीला गोड आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. औषधी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी ते घुसलं, तर बाटलीकडे बघून कुणालाच कळत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली असंच भेसळीचं ग्लिसरीन दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार चव्हाट्यावर आला. फार्मसीला असताना तिनं ते प्रकरण परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता काउंटरवर त्याचा अर्थ तिला रोज लागतो: बाटलीच्या आत काय आहे हे तिला तपासता येत नाही, पण ती कुठून आली आणि कुणाच्या घरी गेली हे तिला सांगता आलंच पाहिजे. म्हणून बिलाशिवाय आलेला माल, कितीही स्वस्त असो, ती दुकानात घेत नाही. गिऱ्हाइकाच्या बिलावर बॅच नंबर आणि मुदत असतेच. उद्या एखादी बॅच परत मागवली, तर फोन कुणाला करायचा हे त्याच कागदावरून कळणार.

काही गोष्टी मात्र बाटलीवर छापलेल्या असतात, फक्त वाचायच्या असतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये काढला. त्यामुळे “अक्का, इरुमल मरुंदु” म्हणत कुणी खोकल्याचं औषध मागितलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: बाळ किती वर्षांचं? मागे गिऱ्हाइकांची रांग असते, ओएमआर रस्त्यावरच्या कंपन्यांच्या बस सुटायच्या असतात, माणसं घड्याळाकडे बघतात. ती तरीही विचारते.

२०२३च्या त्याच डिसेंबरात मिचाँग वादळानं हा सगळा भाग पाण्याखाली घातला होता. वीज गेली. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि गोठूही द्यायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामीच. तेव्हापासून फ्रिजच्या दारावर तक्ता टांगलेला आहे. सकाळ-संध्याकाळ तापमान आणि सही. मदतनीसानं एकदा आठवडाभराचे आकडे एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरले. ती रागावली नाही. त्याला फ्रिजपाशी नेलं, थर्मामीटर वाचायला लावला आणि तक्त्याचा नवा कागद लावला.

तिला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. मराठीत ‘वार’ म्हणजे सोमवार, मंगळवार. तमिळमध्ये ‘वारम’ म्हणजे अख्खा आठवडा. दोन भाषांत वावरताना हा फरक तिच्या मनात कायमचा बसला आहे. त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ असेल, तर ती डॉक्टरांना फोन करून दिवस ठरवून घेते.

परवा हेच औषध घ्यायला एक आजोबा आले. तिनं पाकिटावर तमिळमध्ये ‘तिंगळ’, म्हणजे सोमवार, असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पाकीट पुढे करून त्यांनाच वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. मग मदतनीसाकडे वळून ती म्हणाली, “आता बॅच नंबर तू वाच. मोठ्यानं.”