करी रोडच्या पुलावर बिनब्रेकची सायकल

करी म्हणजे हत्ती, असें आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें. पण करी रोडचा हत्तीशीं कांहीं संबंध नाहीं. चार्लस करी नांवाचे एक रेल्वेचे एजंट होते, त्यांचें हें नांव. रस्ता आतां कागदोपत्रीं महादेव पालव मार्ग झाला आहे, आणि स्टेशनास लालबाग म्हणावें असा ठराव विधिमंडळानें २०२४ सालीं केला. लोकांच्या तोंडीं मात्र अजून करी रोडच आहे.

भारतमाता चित्रपटगृहाच्या नाक्यावरून पश्चिमेस निघावें, स्टेशनालगतचा पूल चढावा, आणि शिंगटे मास्तर चौकाशीं ना. म. जोशी मार्गास उतरावें, एवढाच हा प्रवास. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू होईपर्यंत भोंग्याबरोबर येथून कामगारांचे लोंढे जात. आतां लोअर परळच्या कचेऱ्यांतील मंडळी जाते. त्यांत सप्टेंबर २०२५ मध्यें एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठीं बंद झाला, तेव्हां तिकडील वाहनेंहि इकडे वळलीं. आमच्या पुतण्याचा मुलगा लालबागेस राहतो व याच पुलावरून रोज सायकलीनें कामावर जातो. त्या सायकलीस तो ‘फिक्सी’ म्हणतो. तिजवरून घरांत मोठा वाद झाला, म्हणून आम्ही मुद्दाम जाऊन ती पाहिली.

तऱ्हा वस्तुतः जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री-व्हील रूढ होण्यापूर्वीं बहुतेक सायकली अशाच असत. नेहमींच्या सायकलीस पायडल मारणें थांबविलें तरी चाक धांवत राहतें. हिचें मागचें दातेचक्र हबास घट्ट बसविलेलें, तेव्हां चाक फिरे तोंवर पायडलें फिरणारच. नैयायिकांचा संयोग नव्हे, तंतु आणि पट यांच्यांतला समवायच हा. गिरणगांवांत दुसरा दृष्टान्त कशास शोधावा!

शर्यतीच्या गोल धांवपट्टीवर अशा सायकलीस ब्रेक नसतो, आणि तरुणांस तेंच भूषण वाटतें. आमचें मत असें कीं, पुढच्या चाकास ब्रेक नसेल तर ती घरांतून बाहेर काढूं देऊं नये. पुलाच्या उतारावर पायांनीं उलटा जोर देऊन वेग आवरतां येतो खरा. पण पुढची बस एकाएकीं थांबली तर तेवढ्यानें भागत नाहीं, आणि त्याच वेळीं चेन पडली तर पायांचा उपाय संपलाच. नातवानें आतां ब्रेक बसविला आहे. चढासाठीं पुढें ४४ व मागें १८ दांते ठेविले आहेत. पायडलाच्या एका फेऱ्यांत चाक अडीच वेळांहून किंचित् कमी फिरतें. दातेचक्राबाहेर उलट्या आट्यांची एक कडी असते. उलटा जोर दिला असतां चक्र सुटूं नये, हें तिचें काम. साध्या हबावर नुसतें चक्र आवळून देणारे कारागीर भेटतात. तेथें ही कडी बसत नाहीं, सबब ती सायकल घेऊं नये. चेन मधोमध बोटानें हलविली असतां अर्धा इंच हलावी, अगदीं ताठ नसावी.

घरांतला खरा वाद मात्र निराळाच होता. फिरती चेन फडक्यानें पुसतांना बोट दातेचक्रांत सांपडलें तर चाक तेथें थांबत नाहीं. आणि गॅलरींत उलटी ठेवलेली सायकल फिरविण्याची मुलांना कोण हौस! वहिनी याच कारणानें तिला घरांत घेईनात. जिन्याखालीं ठेवावी तर नातवाची पहिली सायकल तेथूनच गेलेली. मागच्या चाकाचें गोल कुलूप चाक अडवितें, चोरास नाहीं. त्यानें ती उचलूनच नेली. ही तर तिच्याहून हलकी.

म्हणून बाहेर लावतांना जाड पोलादी यू-कुलूप सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणांतून, चाकाच्या धांवेसह, पक्क्या पुरलेल्या उंच खांबास अडकवावें. पातळ तारेचें कुलूप क्षणांत तुटतें. स्टेशनाच्या जिन्याच्या कठड्यास मात्र सायकल बांधूं नये. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन स्टेशनावरील चेंगराचेंगरीनंतर लष्करानें करी रोडलाहि पादचारी पूल बांधला, तो गर्दीस वाट मिळावी म्हणून. सांगाड्याचा क्रमांक बहुधा पायडलांच्या आंसाखालीं कोरलेला असतो. तो टिपून, छायाचित्र व पावती जपावी. १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यानें पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची चोरी सामान्यतः अदखलपात्र ठरते, तेव्हां किंमत दाखवावयास पावतीच हवी.

तूर्त नातू सायकल खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढतो. वहिनींनीं भिंतीस दोन खुंट्या मारून दिल्या आहेत, मुलांचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंच.