काळे पोर्ट, निळे पोर्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत खोपोलीची फुफी आमच्याकडे कर्जतला आली होती. तिच्या हार्ड डिस्कमध्ये मरहूम दादाजानच्या व्हिडिओ फिती होत्या. संध्याकाळच्या लोकलने ती परत जाणार होती. तोवर नक्कल करून घ्यायची होती.

आमचा संगणक म्हणजे २०१९ साली निघालेला, तळहाताएवढा रास्पबेरी पाय ४. डिस्क जोडली, पण काम गोगलगाईच्या गतीने चालले. "तूच डिस्क पाडली असशील!" मी धाकट्या भावावर ओरडलो. तो रडवेला झाला.

अब्बा म्हणाले, "बेटा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा."

आधी केबल बदलली. फरक पडला नाही. मग पोर्ट नीट पाहिले. दोन काळे, दोन निळे! काळ्या पोर्टचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. निळ्याचा ५ गिगाबिट, म्हणजे सुमारे दहापट. डिस्क काळ्यात होती आणि निळे पोर्ट कीबोर्ड व माऊसने अडवले होते. अदलाबदल करताच काम भराभर होऊ लागले.

फुफी निघण्यापूर्वी दादाजानचा आवाज घरात घुमला. सगळ्यांचे डोळे भरून आले. मी मात्र भावाजवळ गेलो आणि त्याची माफी मागितली. त्या दिवशी पोर्ट तपासण्याआधीच मी त्याला दोषी ठरवले होते.